पागोटं कोणाच्या डोक्यावर

तेरवीच्या सकाळी उकंडरावाच्या मळ्यातली वांगी माना टाकून उभी होती. धनी गेला म्हणून झाडांनीही माना टाकल्या, असं आलेले पाहुणे एकमेकांना सांगत होते. धाकट्या भावाच्या बायकोला, रुखमाबाईला, माहीत होतं, झाडांना पाणी नव्हतं.

उकंडराव गेला त्या दिवसापासून मोट चालली नव्हती. विहिरीला पाणी होतं. बैल गोठ्यात बसून कडबा खात होते आणि खाऊन खाऊन त्यांचाच दुखवटा असल्यासारखे सुस्तावले होते. मोटेचं कातडं, मोट रिकामी होते त्या थारोळ्यावर, उन्हात वाळत पडलं होतं. अडचण एवढीच होती की, मोटेला जो बैल जुंपेल तो वारस, असं साऱ्या गावाचं मत होतं, आणि वारस व्हायचं की नाही हे घरात अजून ठरलं नव्हतं.

दोन-तीनदा संध्याकाळी रुखमाबाई घागर घेऊन मळ्यात गेली होती आणि कडेच्या चार झाडांना पाणी घालून आली होती. पण त्यानं काही ती वारस ठरत नव्हती. घागरीवर तिच्या भावाचं, भगवंतरावाचं नाव कोरलेलं होतं. म्हणजे पाणी घातलं ते भगवंतरावानं.

तिच्या घरातल्या सगळ्याच भांड्यांवर भगवंतराव होता. घागरीवर, परातीवर, नवरा सकाळी परसाकडे घेऊन जायचा त्या लोट्यावरसुद्धा. लेकीच्या, पंचफुलाच्या लग्नात आंदणाची भांडी मांडली, तेव्हा त्यांच्यावर आधीच जावयाचं नाव घालून आणलं होतं. वऱ्हाडी म्हणाले, काय हौशी माणसं आहेत. हौस कसली, त्याच आठवड्यात बेलिफ यायचा होता.

हे सगळं त्या दाव्यामुळं झालं. वाटणीत विहिरीचा मळा थोरल्या उकंडरावाकडे गेला आणि धाकट्या तुळशीरामाच्या, रुखमाबाईच्या नवऱ्याच्या, वाट्याला कोरडवाहू आलं. अर्धा मळा माझा, म्हणून तुळशीरामानं भावावर दावा लावायचं ठरवलं. दाव्याला कोर्ट फी लागते. ती नव्हती. वकिलानं सांगितलं, नादार म्हणून अर्ज कर. अंगावरच्या कपड्यांखेरीज माझ्याजवळ काही नाही असं सिद्ध केलं की फी आत्ता भरावी लागत नाही. मग तुळशीरामानं नादार व्हायला घेतलं. कोरडवाहू विकलं, बैल विकले, भांडी मेहुण्याच्या नावानं केली, घर मेहुण्याच्या नावानं केलं. नादार ठरायला जो पैसा गेला त्यात कोर्ट फी दोनदा भरून झाली असती. चौकशीच्या दिवशी उकंडराव कोर्टात उभा राहून म्हणाला होता, "माहा भाऊ गरीब नाही. खाऊनपिऊन सुखी हाय." भावानं भर कोर्टात आपली अशी अब्रू घेतली, हे तुळशीराम अजून विसरला नव्हता.

कोर्टानं तुळशीरामाचं नादारपण मान्य केलं आणि दावा फेटाळला. वर हुकूम झाला की, राहिलेली कोर्ट फी सरकारला द्यावी आणि भावाचा दाव्याचा खर्च भावाला द्यावा. तेव्हाचं सरकार मध्य प्रदेशचं होतं. मग ते मुंबईचं झालं, मग महाराष्ट्राचं. तुळशीराम एकदाच हरला आणि तीन सरकारांचं देणं लागला. प्रत्येक नव्या सरकारच्या वेळी त्याला वाटायचं, आता कागद हरवेल. कागद हरवला नाही. बाकी पुष्कळ काही हरवलं.

उकंडराव दरसाल नेमानं जप्तीची दरखास्त लावायचा. बेलिफ गुलाबराव तालुक्याहून यायचा, घरात फिरायचा, प्रत्येक भांड्यावर भगवंतराव वाचायचा, चहा प्यायचा आणि 'जप्त करण्याजोगी मालमत्ता आढळली नाही' असं लिहून जायचा. जाताना शेजारच्या घरी उकंडरावाकडे थांबायचा. मधे फक्त बोरीबाभळीचं कुंपण. उकंडराव विचारायचा, "काय काय दिसलं?" गुलाबराव सांगायचा. धाकट्याला खोकला आहे. वहिनीनं लुगड्याला ठिगळ लावलंय. स्वयंपाकघर गळतंय.

स्वयंपाकघर गळतंय हे सांगितलं त्या वर्षी, चार दिवसांनी कुंपणाशी नव्या टिनाच्या पत्र्यांची चळत पडलेली दिसली. कोणी टाकली ते कोणी विचारलं नाही. तुळशीरामानं ते छपरावर चढवले. आणि पुढच्या वर्षीच्या दरखास्तीत उकंडरावानं जप्तीसाठी लिहिलं होतं: टिनाचे पत्रे, नवे.

रुखमाबाई तेव्हा हसली होती. ती हसण्याची शेवटची वेळ असावी असं तिला आता वाटत होतं, पण नक्की सांगता येत नव्हतं.

गुलाबराव तेरवीला आला तेव्हा ओसरीवर घोंगड्या पसरून माणसं बसली होती. खाकी कोट, काखेत छत्री, खांद्याला पिशवी. त्यानं पायताणं काढली, उकंडरावाच्या जागी ठेवलेल्या तांब्याला हात जोडले आणि तुळशीरामाशेजारी बसला.

"दुखवट्याले आलो," तो म्हणाला. "कामालेबी आलो. आधी दुखवटा."

दुखवटा होईतो सगळे गप्प बसले. मग गुलाबरावानं नाक शिंकरलं, म्हणजे काम सुरू झालं.

रुखमाबाई दाराआड वाल निवडत होती. इथून तिला नवऱ्याचा अर्धा चेहरा दिसत होता. अर्धा पुरे होता, दुसराही तसाच होता.

"गुलाबराव," तुळशीराम म्हणाला, "माणूस गेला. आता त्याची दरखास्त कोन चालवन?"

"माणूस जाते, भाऊ. डिक्री जात नाही. ते वारसाकडे येते."

"वारस कोन?"

"बायको आधीच गेली, लेकरू नाही, मायबाप नाही. मंग भाऊ अन् बहीण. सारखे. नवा कायदा हाय."

"म्हंजे मी?"

"तुमी अन् कौशल्याबाई."

तुळशीरामानं डोळे बारीक केले. "म्हंजे मी दादाले जे देणं लागतो, ते आता मलेच मिळालं?"

"अर्धं. तुमचं तुमाले जे द्यायचं ते मिटलं. उरलेलं अर्धं बहिणीचं."

तुळशीरामानं बोटांवर हिशेब केला. दाव्यानंतरच्या अकरा वर्षांत त्याच्याकडे काही येण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ते त्याचंच देणं निघालं होतं.

"आन समजा," तो म्हणाला, "मी मले दिलंच नाही तर?"

"तर तुमी तुमच्यावर दरखास्त लावा," गुलाबराव गंभीरपणे म्हणाला. "मी येईन जप्तीले. चहा तेवढा ठेवत जा."

कोपऱ्यात हिंमतराव बसला होता. कौशल्याबाईचा नवरा, देऊळगाव राजाला सरकी-ढेपेचं दुकान. तो दोन दिवसांपूर्वी आला होता आणि दोन दिवस मळा पायांनी मोजत होता. त्यानं पुढं सरकून विचारलं, "अन् सरकारचं?"

"सरकारचं तसंच उभं हाय. आजवर भाऊपाशी काही नव्हतं म्हणून कागद येऊन नुसता जाये. आता अर्धा मळा आला. त्यायच्या नावानं चढला का तहसीलवाले त्याच्यावर बोजा टाकतीन. भरलं तर मळा राह्यते. नाही भरलं तर लिलाव."

"पाहा!" हिंमतराव सगळ्यांकडे पाहत म्हणाला. "मेल्या भावाचा मळा अन् जित्या सरकारचा लिलाव! म्हणून म्हणतो दादा, तुमी तुमच्या हिश्शाची हक्कसोड लिहून द्या बहिणीले. नाव तिचं, मळा कसा तुमी, खा तुमी."

"घेणेकऱ्याले बुडवाले सोड दिली असं दिसलं तर कोर्ट ते मोडते," गुलाबराव म्हणाला.

"दिसलं तर ना!"

"मी इथंच बसलो हाय, पाव्हणे. मले दिसून राह्यलं."

हिंमतराव जरा मागं सरकला, पण थोडाच. "बरं, सोड नाही. कागदच नाही. नुसतं पागोटं. आज मोठ्या वैनीचे भाऊ, रामरावमामा, पागोटं आनून राह्यले. ते माह्या डोक्यावर बांधा. साऱ्या गावादेखत दादानं वारसपन घेतलं नाही, असं झालं. मंग फेरफार होईन कौशल्येच्या एकटीच्या नावानं. यात कोर्ट काय मोडन? माहं डोकं?"

घोंगड्यांवरची माणसं विचारात पडली. डोक्याचा मुद्दा बिनतोड होता. पागोटं ज्याच्या डोक्याला तो वारस, हे त्यांना बापजाद्यांपासून माहीत होतं. नवा कायदा त्यांनी अजून पाहिला नव्हता. त्यांनी गुलाबरावाकडे पाहिलं.

"कायदा पागोटं पाह्यत नाही," गुलाबराव म्हणाला. मग अकरा वर्षं याच गावात चहा प्यालेला माणूस म्हणून त्यानं पुस्ती जोडली, "पन मी पाह्यतो."

"तुमी काय म्हनता दादा?" हिंमतरावानं विचारलं.

रुखमाबाईचा हात वालाच्या शेंगेवर थांबला.

तुळशीराम म्हणाला, "पाव्हण्यायचं मले बरोबर वाटते. मले नादारपनाची सवय हाय. कोर्टानं मले नादार ठरवलं. आता मी उठून कोर्टाचा शब्द खोटा पाडू?"

रुखमाबाईला राग यायला हवा होता. तिनं थोडी वाट पाहिली, पण राग आला नाही. नवरा हा मळा मागायला कोर्टात गेला नसता, नुसता गप्प बसून राहिला असता, तर आज अर्धा मळा आपोआप दारात आला असता, आणि त्याच्यावर मागितल्याचा दंड नसता. हे तिला कळत होतं. हे नवऱ्याला सांगून काही होणार नाही, हेही कळत होतं. ती उठली आणि वालाची टोपली घेऊन मागच्या चुलीकडे गेली.

चुलीपाशी कौशल्याबाई कढी ढवळत रडत होती. म्हणजे रडत होती भावासाठी आणि कढी ढवळत होती गावासाठी. दोन्ही एकाच लयीत चाललं होतं.

"वैनी," ती म्हणाली, "ऐकलं का बाहेर काय चाललं?"

"ऐकलं. तुह्या नावावर मळा करून राह्यले."

"होऊ देऊ नको."

रुखमाबाईनं टोपली खाली ठेवली. नणंदेकडून असं काही ऐकायची तिला सवय नव्हती. लग्नापासून कौशल्या थोरल्या भावाच्या बाजूची. दाव्याच्या वेळी तिनं उकंडरावाकडून साक्ष दिली होती, आणि त्यानंतर रुखमाबाईच्या घरी ती कुंकवालासुद्धा थांबली नव्हती.

"काऊन?"

कौशल्याबाईनं दाराकडे पाहिलं, मग कढीकडे पाहून बोलली. "देऊळगावलेबी एक गुलाबराव हाय. त्याचं नाव गुलाबराव नाही, पन येते तसाच. आमचे हे सरकीच्या सौद्यात कोनाले तरी जामीन राह्यले. तो पळाला. आता बेलिफ पुढच्या दारानं आला का हे मागच्या दारानं जातेत. मी सांगतो, गावाले गेले. शेजारीन सांगते, आत्ताच तर गेले. मळा माह्या नावावर झाला का मले सही कराले लावतीन. साल निघनार नाही, मळा जाईन."

"मंग तू नाही म्हन."

"वैनी, तू म्हनतं का नाही कधी?"

चुलीतलं लाकूड फुटलं. रुखमाबाईनं ते आत सारलं.

"माहा अर्धा माह्याच नावानं राहू दे," कौशल्याबाई म्हणाली. "पन त्याच्या शेजारी तुमचा अर्धा पाह्यजे, मधात बांध न टाकता. विहीर एक, पाटाचं पानी एक. अशा मळ्याच्या एकट्या अर्ध्याले गिऱ्हाईक कुठं मिळते? इकाचं म्हटलं तरी इकता येनार नाही. तुमचा हिस्सा हाय तोवर माहा हाय."

"अन् तुह्या लहान्या दादाकडं तुहं अर्धं देणं आलं ते?"

"वांगी धाडजो दरसाल. एक पोतं. भरताची. काटेरी नको, हाताले लागतेत." तिनं पदरानं नाक पुसलं. "मोठा दादा धाडे."

रुखमाबाईनं कढईखालचं एक लाकूड ओढून बाजूला केलं, कढी उतू जात होती. "अन् सरकारचं काय करू?"

"ते मले काय माहीत? मी साक्ष दिली होती, फी नाही भरली."

रुखमाबाई मागच्या दारानं बाहेर आली तर हात धुवायला गुलाबराव उभा होता. तिनं लोटा पुढं केला. त्यानं सवयीनं आधी लोट्यावरचं नाव वाचलं, मग हातावर पाणी घेतलं.

"गुलाबराव, एक विचारू?"

"विचारा ना वहिनी."

"सरकारचं भराचं म्हटलं तर किती मळा जाईन?"

गुलाबरावानं ओले हात कोटाला पुसले. आजवर या घरात त्याला कोणी भरण्याविषयी विचारलं नव्हतं. त्याला जरा संकोचल्यासारखं झालं. "लिलावाची वाट पाहू नका," तो म्हणाला. "लिलावात मातीचाबी भाव येत नाही. नाल्याकडची पट्टी आपखुशीनं इकून टाका, आन भरून टाका. पट्टी जाईन. विहीर, मोट, बाकीचं राहीन. पन आधी भाऊनं म्हनलं पाह्यजे का हिस्सा माहा हाय."

"तेच तर," रुखमाबाई म्हणाली.

जेवणं झाली. रामराव देऊळगावच्या गाडीतून उतरून आला होता आणि त्याला त्याच गाडीनं परत जायचं होतं. उकंडरावाच्या बायकोचा, सत्यभामाबाईचा हा थोरला भाऊ. पागोटं आणायचा मान सासरकडचा, म्हणून तो आला होता. बहीण जाऊन सात वर्षं झाली, मेहुणा गेला, आता या गावात यायचं त्याला काही कारण उरणार नव्हतं. म्हणून तो शेवटचं काम मन लावून करत होता. पांढरंशुभ्र पागोटं त्यानं मांडीवर ठेवलं, एक टोक मोकळं केलं आणि म्हणाला, "डोकं आना."

डोकं नव्हतं. तुळशीराम लोटा घेऊन मळ्याकडे गेला होता.

"येतीन," कोणीतरी म्हणालं.

वाट पाहून झाली. रामरावानं दोनदा उन्हाकडे पाहिलं. "गाडी जाईन माही," तो म्हणाला. "मागं आमच्याकडं एकाचा वारस फौजेत होता. चीनच्या लढाईवर. मंग आमी पागोटं खुंटीले बांधलं. खुंटीनं चांगलं संभाळलं."

"खुंटीवर कशाले?" हिंमतरावानं टोपी काढली आणि मान पुढं केली. "दादानं सांगतलंच हाय. बांधा माह्या डोक्याले."

रामरावानं पागोट्याचं टोक उचललं. त्याला डोक्याशी मतलब होता, ते कोणाचं याच्याशी नव्हता.

तेवढ्यात दारातून कौशल्याबाईचा आवाज आला. आवाज मोठा नव्हता, पण ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू गेला. "गुलाबराव, नाव नीट लिहून घेजा यायचं. पुरं नाव. देऊळगाव राजा, सरकीचं दुकान. कोर्टातल्या कोर्टात एकमेकायले इचारता येते ना तुमाले?"

"इचारता येते," गुलाबराव म्हणाला आणि कोटाच्या खिशात पेन शोधायला लागला.

हिंमतरावानं बायकोकडे पाहिलं. मग पेनाकडे पाहिलं. मग त्यानं टोपी परत घातली, अगदी कानापर्यंत.

"मी आपली गरमी होते म्हणून काढली होती," तो म्हणाला.

माघातली थंडी होती. रामराव पागोट्याचं टोक हातात धरून तसाच उभा होता, एखाद्या घरचं जनावर सुटून गेलं आणि दोर हातात राहिला तसा.

रुखमाबाई पुढं झाली. एवढ्या पुरुषांत ती कधी ओसरीवर आली नव्हती. तिनं पदर पसरला.

"द्या इकडं, मामा."

"बाईनं पागोटं बांधाचं नसते व."

"बांधत नाही. नेतो. ज्याचं हाय त्याच्याकडं. तुमी चला बांधाले. गाडीबी त्याच रस्त्यानं हाय."

रामरावाला गाडीचं पटलं. पागोटं तिच्या पदरात आलं. ती मळ्याकडे निघाली, मागून रामराव, मागून छत्री घेऊन गुलाबराव, आणि मागून, आता बघायचं तर बघून घ्यावं म्हणून, सगळी तेरवी.

तुळशीराम विहिरीपाशी होता. त्यानं मोटेच्या नाड्याला लोटा बांधला होता आणि तो विहिरीत सोडून पाणी वर ओढत होता. मोट ओढायच्या जाड नाड्याला एवढासा लोटा. वर येईतो अर्धा सांडायचा. उरलेला तो एका वांग्याच्या बुडाशी ओतायचा आणि पुन्हा लोटा सोडायचा. पहिल्या वाफ्यातली पाच-सहा झाडं ओली झाली होती, आणि आजच पहिल्यांदा पाणी मिळाल्यासारखी ती दिसत नव्हती. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

सगळे काठावर येऊन उभे राहिले तेव्हा त्यानं वळून पाहिलं. चोरी सापडल्यासारखा तो थबकला, मग लोटा उचलून गुलाबरावासमोर धरला.

"मी नाही घालून राह्यलो," तो म्हणाला. "भगवंतराव. नाव पाह्य."

गुलाबरावानं नाव पाहिलं. "हो. भगवंतराव हायेत," तो म्हणाला.

रुखमाबाईनं त्या ओल्या झाडांकडे पाहिलं. तिनं घागरीनं कडेची चार झाडं जगवली होती, यानं लोट्यानं ही जगवली. दोघंही एकमेकांना चुकवून येत होते, एका घरातले, आणि दोघांच्याही वतीनं तिचा भाऊ पाणी घालत होता. भगवंतराव बिचारा चिखलीला राहायचा. त्याला वांगं खाल्लं की अंगावर पुरळ यायचं.

"उठा," ती म्हणाली. "डोकं पुढं करा."

"रुखमे, पागोटं बांधलं का गुलाबराव येईन."

"नाही बांधलं तरी येते. अकरा वर्षं येऊन राह्यला."

"मळ्याचा तुकडा जाईन."

"नाल्याकडची पट्टी जाईन. जाऊ द्या. तुमी आजवर एकाच गोष्टीले भेत आले, का आपल्यापाशी काही दिसू नये. नाही दिसलं. काय झालं त्यानं? मले घरात लोटा नाही, घागर नाही. लेकीच्या लग्नात मी दुसऱ्याची भांडी मांडून बसली. मले आता एक घागर पाह्यजे. माह्या नावाची. तिच्यावर जप्ती आली तरी चालन. पन जप्ती यावी एवढं तरी माहं पाह्यजे."

एवढं बोलून ती दमली. ती मुळात दमलेलीच होती. या बोलण्यानं फक्त ते उघड झालं.

तुळशीरामानं लोटा थारोळ्यावर ठेवला. तो कुंपणापलीकडच्या आपल्या घराच्या छपराकडे पाहत होता. पत्रे आता नवे राहिले नव्हते.

"दादा असता तर त्यानं आजच दरखास्त लावली असती," तो म्हणाला.

"लावली असती," रुखमाबाई म्हणाली.

"पागोट्याचीबी लावली असती." तो गुलाबरावाकडे वळला. "गुलाबराव, पागोटं जप्तीत जाते का?"

"नाही," गुलाबराव म्हणाला. "अंगावरचे कपडे जप्त होत नाहीत. तेवढं कायद्यानं सोडलं हाय."

"मले नादार केलं तवाबी तेवढंच सोडलं होतं."

"कायदा तोच हाय, भाऊ."

तुळशीराम खाली बसला आणि त्यानं डोकं पुढं केलं. रामरावानं पागोटं बांधलं, घाईत बांधलं, त्यामुळं ते डाव्या कानावर कललं. तुळशीरामानं दोन्ही हात लावून ते चाचपून पाहिलं. सरळ केलं नाही. बिघडेल अशी त्याला भीती वाटली असावी.

गुलाबरावानं छत्री काखेत धरून कागद काढला आणि पेन टेकवलं. मग तो थांबला. "आढळली नाही" एवढं त्याच्या हाताला पाठ होतं, पुढचं त्याला सुचेना. शेवटी त्यानं 'आढळली' एवढंच लिहिलं आणि जागा मोकळी सोडली.

तुळशीरामानं बैल आणले. ते यायला तयार नव्हते, दुखवटा संपला हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मोट विहिरीत गेली. पहिली मोट वर आली ती अर्धी गळत आली, कातडं वाळून फाटलं होतं, आणि काठावर पाहायला उभ्या राहिलेल्या तेरवीच्या पायांवर धार पडली. गुलाबरावानं छत्री उघडली. हिंमतराव टोपी सांभाळत मागं सरकला. दुसरी मोट जरा कमी गळली. तिसरी भरून थारोळ्यात ओतली, आणि पाटाला पाणी लागलं.

कौशल्याबाईनं लुगडं वर खोचलं आणि वरच्या वाफ्यांकडे गेली. तिच्या अर्ध्याकडे, किंवा यांच्या. बांध नव्हता, त्यामुळं सांगता येत नव्हतं.

रुखमाबाईनं फावडं घेतलं. पाणी तिच्या पायाशी आलं तेव्हा तिनं जवळच्या वाफ्याचं दार बुजवलं आणि पाणी पुढं जाऊ दिलं, त्याच्या पुढच्या वाफ्याचंही बुजवलं.

"अवं, कुठं नेऊन राह्यली?" मोटेवरून तुळशीराम ओरडला. पागोटं त्याच्या डोळ्यांवर आलं होतं. "इकडची सुकून राह्यली ना!"

"नाल्याकडं," ती म्हणाली.

"ते तर जानार हाय!"

"म्हणूनच," रुखमाबाई म्हणाली, आणि शेवटच्या पट्टीचं दार तिनं फावड्यानं उघडलं. जायचीच आहे तर तिनं वाळून का जावं? पाणी भेगांत शिरताना आवाज करत होतं. ती तिथंच पाटाच्या कडेला बसली. नाल्याकडचे वाफे भरले की मग आपले.

मागं कोणीतरी रामरावाला सांगत होतं की गाडी केव्हाच गेली.